घाटातल्या दगडावरचं अक्षर

तात्सुनोसाहेब गेल्याची बातमी आमच्या गावात संध्याकाळी पाचला पोचली. माझी बायको जाऊन तेव्हा तीन तास झाले होते.

फेब्रुवारीतला दिवस होता. तोकिएला मी दवाखान्यातून घरी आणलं, आतल्या खोलीत उत्तरेला डोकं करून निजवलं, शेजारच्या बाईंना तिच्याजवळ बसवलं आणि सेकिमोतोच्या दुकानात गेलो. गावातल्या मयतांचं सगळं तोच बघतो. पेटी, फुलं, पडदे, गाडी. मी दार सरकवलं तेव्हा तो टीव्हीसमोर उभा होता. त्यानं मागे वळून पाहिलं, तर त्याचे डोळे ओले होते.

"कसलं माणूस गेलं हो, काका!" तो म्हणाला.

मला वाटलं, दवाखान्यातून कुणीतरी फोन केला असणार. मला भरून आलं. गावानं तिला एवढं मानलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "दोन वाजता. त्रास झाला नाही फारसा."

"दोन? टीव्हीवर तर चार म्हणतायत."

मग मी टीव्हीकडे पाहिलं. तात्सुनोसाहेबांचा फोटो होता, काळ्या फितीचा.

सेकिमोतोला मी कशासाठी आलोय ते सांगितलं. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला, बंद मात्र केला नाही. तोकिएनं त्याला लहानपणी कुंचला धरायला शिकवलं होतं. तो गुडघ्यांवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवून त्यानं मला नमस्कार केला. मग उठून वही काढली.

"शेवंती नाही, काका. पांढरी एकही नाही. साहेबांची वेदी मांडणार आहेत नगरपालिकेत, आत्ताच सगळी उचलली त्यांनी. काळे-पांढरे पडदेही गेले."

"मग काय आहे?"

"बघतो काहीतरी. आणि परवा तोमोबिकी आहे."

तोमोबिकीच्या दिवशी मेलेला माणूस सोबतीला कुणाला तरी ओढून नेतो म्हणतात, म्हणून त्या दिवशी दहनाची भट्टी बंद असते. म्हणजे तोकिएला आणखी एक दिवस घरी ठेवावं लागणार होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

टीव्हीवर टोकियोचा एक प्राध्यापक बोलत होता. आधीच्या पंतप्रधानांपैकी योशिदांनी युद्धानंतर देश उभा केला, इकेदांनी लोकांची मिळकत दुप्पट करू म्हणून सांगितलं, सातो सर्वांत जास्त काळ टिकले, तनाकांचे रस्ते आणि तनाकांची अटक दोन्ही लोकांच्या लक्षात आहेत. पण तात्सुनो चौदा महिनेच पंतप्रधान होते, त्यांच्या मागे नेमकं काय राहिलं, असा प्रश्न तो विचारत होता.

"याला आणून बसवा इथे चार महिने बर्फात," सेकिमोतो म्हणाला. "म्हणजे कळेल काय राहिलं ते." मग माझ्याकडे बघून जरा चाचरत म्हणाला, "एकाच दिवशी दोघं. साहेबांनीच नेलं की काय काकूंना सोबतीला?"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. पण मला राग आला नाही. मनात आलं, नेलंच असेल. तिच्याशिवाय त्यांना लिहिता कुठे येत होतं.

ही गोष्ट गावात तीन माणसांना माहीत होती. तोकिएला, मला आणि साहेबांचे इथले सचिव ओगावारा यांना. साहेबांना धरलं तर चार.

मी पाथरवट आहे. आता हात चालत नाहीत फारसे, पण चाळीस वर्षं मी या खोऱ्यातले बहुतेक दगड कोरले. थडगी, देवळाच्या पायऱ्या, पुलांवरचे दगड. तोकिए मुलांना अक्षर शिकवायची. तात्सुनो पहिल्यांदा निवडून आले त्या साली नदीवर पूल झाला आणि पुलाच्या दगडासाठी त्यांच्या हातचं अक्षर हवं होतं. आमच्याकडे तशी रीत आहे. ज्यानं काम आणलं त्यानं कुंचल्यानं लिहून द्यायचं, ते दगडावर जायचं. ओगावारा तेव्हा पन्नाशीच्याही आत होते. ते साहेबांनी लिहिलेला कागद घेऊन माझ्या कारखान्यात आले. मी कागद उलगडला. कोंबडी शाईत पाय बुडवून चालून गेली असावी असं ते अक्षर होतं.

"हे कोरू?" मी विचारलं.

"नको," ओगावारा म्हणाले. "वहिनी लिहितात ना?"

तोकिएनं हात पुसत विचारलं, "कसे आहेत हो हे दिसायला?"

"बारीक. भरभर बोलतात," मी म्हटलं. "सभेला आले होते तेव्हा अर्धं मला कळलंच नाही."

"मग त्यांच्यासारखं लिहून उपयोग नाही." तिनं थोडा विचार केला. "रोज तीन वाट्या भात खाणाऱ्या माणसाचं अक्षर काढते. जाड, सावकाश."

आणि तिनं तसं अक्षर काढलं. पुलाच्या उद्घाटनाला लोक दगडापाशी उभे राहून म्हणाले, बघा, अक्षरावरून माणूस कळतो. पुढे चौतीस वर्षं तिनं तेच अक्षर लिहिलं. शाळांचे दगड, धरणाचा दगड, मच्छीमारांच्या सोसायटीची पाटी, लढाईत मेलेल्यांचा स्तंभ. साहेब पंतप्रधान झाले तेव्हा ओगावारा दर महिन्याला टोकियोहून कागदांची गुंडाळी घेऊन यायचे. दरम्यान साहेबांचं वजन वाढलं आणि बोलणंही संथ झालं. टीव्हीवर त्यांना बघून तोकिए एकदा म्हणाली, "अहो, हा माणूस माझ्या अक्षरासारखा व्हायला लागला की."

यातला एकही कागद आमच्या घरात नाही. चांगले ओगावारा घेऊन जायचे. बिघडलेले माझ्यादेखत आमच्याच न्हाणीच्या चुलीत जाळायचे. आणि दगडासाठीचे कागद मीच संपवले. जुन्या पद्धतीनं कागद दगडावर चिकटवून त्यावरूनच छिन्नी चालवतात, कोरून होईपर्यंत कागदाचा भुगा झालेला असतो. तिचं अक्षर, खाली साहेबांचं नाव, त्याखाली साहेबांची मोहोर. तिन्ही माझ्याच हातानं कोरली. दर डिसेंबरात साहेबांकडून एक खारवलेला रावस यायचा, चांगला हातभर लांब. तोकिए तो शेजारीपाजारी वाटून टाकायची. तिला खारट चालत नसे.

तिच्या अंत्यविधीला चौदा माणसं आली. बाकीचं गाव नगरपालिकेत साहेबांच्या वेदीपुढे रांगेत होतं. सेकिमोतोनं कुठूनतरी पांढरी लिली आणली. भटजींचे मंत्र झाले आणि शोकाच्या तारा वाचायची वेळ आली. ओसाकाहून आलेली माझी मुलगी नामिए तारा वाचत होती. पहिलीच तार उघडून ती थांबली.

"वाच ना," मी म्हटलं.

"बाबा, ही तात्सुनो गेन्पेई यांची आहे."

कुणीतरी खोकलं. साहेबांच्या कचेरीची ती शिस्तच होती, मतदारसंघात कुणीही गेलं की साहेबांच्या नावानं तार. तीस वर्षांत एकही मयत त्यांनी चुकवलं नव्हतं. तारखेवरून दिसत होतं, ती साहेबांच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी निघाली होती. कचेरीतल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, हात आपले सवयीनं चालले.

नामिएनं वाचलं, "आपल्या पत्नीच्या निधनाची वार्ता ऐकून मला अतीव दुःख झाले."

मागून सेकिमोतोच्या आईचा आवाज आला. "बघा. मेल्यावरसुद्धा विसरले नाहीत."

ती थट्टा करत नव्हती. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

आमच्याकडे हिवाळ्यात गेलेल्यांच्या अस्थी बर्फ वितळेपर्यंत घरीच ठेवतात. स्मशान टेकडीवर आहे आणि मे उजाडेपर्यंत तिथे वाट नसते. तिचा पांढऱ्या कापडातला डबा मी खिडकीपाशी ठेवला. सकाळी चहा, संध्याकाळी भात. दगडाचं काय करायचं याचा विचार करायला तीन महिने होते. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं, तिनं मला सांगून ठेवलं होतं.

जानेवारीत, दवाखान्यात. मी तिला संत्र्याच्या फोडी सोलून देत होतो.

"माझ्या दगडावर सगळ्यांसारखं आपलं आडनाव घालून नागुमो घराण्याचं थडगं वगैरे नका कोरू," ती म्हणाली.

"मग काय कोरू? मुलांच्या गिरवण्यातलं काहीतरी?"

"घाटातलं कोरा."

ती काय म्हणतेय ते मला कळलं. घाटाखालच्या बोगद्याच्या तोंडाशी एक दगड आहे. दोनच अक्षरं, एक बर्फाचं आणि एक वितळण्याचं. आमच्या लिपीत एक अक्षर म्हणजे एक शब्द. खाली साहेबांचं नाव.

"बाकीची सगळी त्यांची आहेत," ती म्हणाली. "ते एक माझं आहे. तेव्हा मी त्यांच्यासारखं लिहिलंच नव्हतं. ओगावारांच्या लक्षात आलं नाही. तुमच्या तरी आलं का?"

"आलं होतं," मी म्हटलं.

ते खोटं होतं. माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी कागद चिकटवला होता आणि छिन्नी चालवली होती.

आमचा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला. फेब्रुवारीच होता. छाती भरली होती, डॉक्टर घाटापलीकडे, आणि घाट डिसेंबरातच बंद झालेला. गावातल्या चौघांनी त्याला पाठीवर घेऊन घाट चढायचा प्रयत्न केला, अर्ध्या वाटेवरून परत आले. पुढे बारा वर्षांनी तात्सुनोसाहेबांनी बोगदा आणला. तोकिए त्या गोष्टीसाठी शेवटपर्यंत त्यांचं नाव चांगलं घ्यायची. मीही घेतो. दोन जानेवारीला तिला दवाखान्यात नेलं ते त्याच बोगद्यातून, वीस मिनिटांत.

एकोणपन्नासाव्या दिवशी, आमच्याकडे तेव्हा सुतक फिटतं, ओगावारा आले. शेंगदाण्याएवढा लहान झालेला माणूस, हातात काठी, दुसऱ्या हातात मिठाईचा डबा. अस्थींपुढे उदबत्ती लावून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "वहिनींचे फार उपकार आहेत."

"तार मिळाली," मी म्हटलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "ती पोरगी नवीन आहे कचेरीत. मी तिला ओरडणार होतो. पण ओरडणार काय, यादीत नाव आलं, तिनं पाठवली. मीच शिकवलंय तिला तसं."

मी चहा ओतला.

"साहेबांचं स्मारकभवन होतंय," ते म्हणाले. "नव्या स्टेशनासमोर. दाराशी मोठा दगड हवा. कमिटीनं ठरवलंय, घाटातलीच अक्षरं घ्यायची, मोठी करून. साहेबांचं सर्वांत गाजलेलं अक्षर तेच. साहेबांच्या जागी त्यांचे चिरंजीव धाकटे साहेब उभे राहतायत, त्यांच्या पत्रकावरही तेच छापणार. दगड तुम्हीच कोरा, नागुमोसान. दुसरं कुणी नको."

"ते अक्षर मला तोकिएच्या थडग्यावर घालायचंय."

ओगावारांनी कप खाली ठेवला. "घाला की. कोण नाही म्हणतंय?"

"आणि तुमच्या भवनात त्याच्याशेजारी एक ओळ लिहून लावा. हे नागुमो तोकिए यांनी लिहिलं. एवढंच. बाकीची चौतीस वर्षांची राहू द्या तुमची."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग हसले, पण थकल्यासारखे.

"युद्धात काय घडलं याबद्दल साहेब संसदेत बोलले होते. आठवतं? शाळेच्या पुस्तकात आहे."

"आहे. नामिएला पाठ होतं."

"ते भाषण मी लिहिलं. स्वयंपाकघरात बसून, बायको पलीकडे मुळा किसत होती. धरणाची योजना खात्यातल्या एका माणसाची. बोगद्याचा नकाशा दुसऱ्या कुणाचा. असं एकेकाचं नाव लावत गेलो तर साहेबांचं काय उरेल?"

"तेच विचारतोय. काय उरेल?"

"ते हजर असायचे हो." ते जरा आवाज चढवून म्हणाले. "शिव्या खायला हजर असायचे. पूर आला, हजर. बोगद्यात माणसं मेली, त्यांच्या बायकांच्या पायाशी जाऊन बसले, हजर. मी नसतो गेलो. तुम्ही गेला असता?"

मी नसतो गेलो. तसं म्हटलंही.

"मग एक ओळ लावायला काय हरकत आहे?" मी परत विचारलं.

"निवडणूक होऊ द्या."

"मग?"

"मग वर्षश्राद्ध होऊ द्या. आत्ता नको, नागुमोसान. एक ओळ लावली की लोक दुसरी शोधायला लागतात. मी ब्याऐंशीचा आहे, मला आता कुणाला उत्तरं देणं होत नाही."

जाताना ते अस्थींपुढे परत बसले. त्यांना रडू आलं. ते नाटक नव्हतं. बिघडलेले कागद चुलीत घालताना ते प्रत्येक कागद आधी नीट बघायचे, हे मला माहीत आहे.

एप्रिलच्या शेवटी मी बसनं घाटात गेलो. बोगद्याच्या तोंडाशी अजून कमरेएवढं बर्फ होतं, पण दगडाभोवतीचं काढलेलं होतं. मी सोबत पातळ कागद, ओलं फडकं, कापसाचा बोळा आणि शाई नेली होती. दगडावर ओला कागद बसवायचा, ब्रशनं खाचांत ठोकायचा, वाळत आला की वरून शाईचा बोळा हलके हलके मारायचा. खोलगट भाग पांढरा राहतो, अक्षर उठतं. साहेबांच्या नावावर आणि मोहोरेवर मी जाड पुठ्ठा लावून ठेवला.

शाई मारताना मला पहिल्यांदा दिसलं. ते जाड अक्षर नव्हतंच. बर्फाचं अक्षर घट्ट होतं, पण वितळण्याच्या अक्षराची शेवटची रेघ तिनं उचललेलीच नव्हती, ओढत ओढत नेऊन शाई संपेपर्यंत जाऊ दिली होती. मी ती सत्तावीस वर्षांपूर्वी दगडात उतरवली होती आणि मला ती दिसली नव्हती.

"ठसा घेताय होय?"

मागे बर्फ काढणाऱ्या यंत्राचा माणूस उभा होता. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. होरिगोमे, पलीकडच्या गावचा. त्यानं थर्मासमधला चहा मला दिला.

"बरेच लोक येतात आता. साहेब गेल्यापासून," तो म्हणाला. "फोटो काढतात. तुम्ही पुठ्ठा कशाला लावलाय त्यांच्या नावावर?"

"मला नाव नकोय. अक्षर हवंय."

"नावाशिवाय त्याला काय किंमत?"

थंडीमुळे असेल किंवा कंटाळ्यामुळे असेल, मी बोलून गेलो. "हे माझ्या बायकोनं लिहिलंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो खो खो हसला. "आणि बोगदा माझ्या बायकोनं खणला!"

मी हसलो नाही. त्याचं हसू हळूहळू थांबलं. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, मग खाली ठेवलेल्या साहित्याकडे.

"तुम्ही नागुमो का? पाथरवट?"

"हो."

"खरंच बायकोनं लिहिलं?"

"हो."

तो दगडाकडे वळला. "बोगदा माझ्या भावानं खणला," तो म्हणाला. "हे मात्र खरं सांगतो. पश्चिमेकडून चारशे मीटरवर पाणी फुटलं तेव्हा आत होता तो. साहेब घरी आले होते. आईच्या पायाशी बसले होते. आईनं त्यांना मत दिलं मरेपर्यंत." त्यानं चहाचा उरलेला घोट बर्फावर टाकला. "त्याचं नाव कुठे आहे, सांगा बरं?"

"कुठे आहे?"

"तेच तर विचारतोय तुम्हाला. दगड तुम्ही कोरले ना सगळे?"

मी तिथल्या दगडांपैकी कुठल्याच दगडावर त्याच्या भावाचं नाव कोरलेलं नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "मग झालं तर. मलाही कुणी सांगितलं नव्हतं, तुमच्या बायकोचं." आणि यंत्राकडे गेला. थोड्या वेळानं परत येऊन ठसा वाळेपर्यंत त्यानं वाऱ्याच्या बाजूला उभं राहून आडोसा केला.

मेच्या पहिल्या आठवड्यात ओगावारांकडून पाकीट आलं. आत टाईप केलेलं पत्र होतं, स्मारक कमिटीच्या शिक्क्याचं. कै. तात्सुनो गेन्पेई यांच्या हस्ताक्षराचा उपयोग नागुमो यांच्या कौटुंबिक थडग्यावर करण्यास कमिटीची विशेष परवानगी आहे, असं त्यात होतं. सोबत ओगावारांची चिठ्ठी होती. एवढंच जमलं, माफ करा, असं पेननं लिहिलं होतं. मी नामिएला फोनवर पत्र वाचून दाखवलं.

"बाबा, फाडून टाका ते," ती म्हणाली. "आणि कोरा. आईला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. अजून कुणाला कळायला हवंय?"

मी फोन ठेवला. मी पत्र फाडलं नाही.

बर्फ गेलं. टेकडीवर दगड चढवला. सेकिमोतोनं माणसं दिली. राखाडी दगड आहे, आमच्याच खाणीतला, मी तो दहा वर्षांपूर्वी बाजूला काढून ठेवला होता, आमच्या दोघांसाठी. अस्थी खाली ठेवल्या, मुलाच्या अस्थींशेजारी. मग आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे दगडाच्या एका बाजूवर मी माझं नाव कोरलं आणि त्यात लाल रंग भरला. जिवंत जोडीदाराचं नाव लाल असतं. तो गेला की रंग धुऊन काढतात. तिच्या नावाची जागा शेजारी ठेवली. ठरवलं होतं, आधी पुढच्या बाजूची दोन अक्षरं, मग तिचं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठशावरून उतरवून घेतलेला कागद मी दगडाच्या पुढच्या बाजूला चिकटवला. छिन्नी घेतली. तेवढ्यात देवळाचे भटजी झाडू घेऊन वर आले. तरुण आहेत, वडील गेल्यावर गेल्याच वर्षी गादीवर बसले. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि झाडू बगलेत धरून दोन्ही हात जोडले.

"अरे वा! तात्सुनोसाहेबांचं अक्षर!" ते म्हणाले. "काकूंचं केवढं भाग्य. इथे दर्शनाला येणाऱ्यांना मी आवर्जून दाखवीन."

ते मनापासून बोलत होते. मी त्यांना सांगू शकलो असतो. ते हसले नसते. मान डोलावून ऐकलं असतं आणि घरी जाऊन बायकोला म्हटलं असतं, नागुमोकाका खचलेत बिचारे, काहीतरी बोलत होते. मी छिन्नी खाली ठेवली.

"आज हात थरथरतायत," मी म्हटलं.

"सावकाश करा. घाई काय आहे?"

ते गेल्यावर मी फडकं ओलं करून कागद सोडवला. तो नीट सुटला, फाटला नाही.

शरदात निवडणूक झाली, धाकटे साहेब निवडून आले. स्मारकभवनाच्या दाराशी दगड बसला, तो मी कोरला नाही, शहरातल्या एका कारखान्यानं यंत्रानं कोरला. मी जाऊन पाहून आलो. शेवटच्या रेघेतलं शाई संपत जाणं यंत्राला जमलं नाही, तिथे सगळं एकाच खोलीचं आहे. आत काचेमागे साहेबांचा चष्मा आहे, टोपी आहे, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं दिलेलं पेन आहे. ओळ नाही. मी ओगावारांना विचारायला गेलो. ते दवाखान्यात होते. त्यांनी मला ओळखलं, पण कशाबद्दल विचारतोय ते त्यांना समजलं नाही. दोनदा विचारून मी घरी आलो.

ठसा आणि परवानगीचं पत्र कपाटाच्या एकाच खणात आहेत. कोरलं तर ते साहेबांचं होईल. नाही कोरलं तर तिचं अक्षर तिच्या नावानं कुठेच राहणार नाही. आणि ती काय म्हणाली होती तेही मला माहीत आहे.

दगड टेकडीवर उभा आहे. माझं नाव लाल रंगात कोरून झालंय. पुढची बाजू कोरी आहे, आणि तिचं नावही अजून कोरायचं राहिलं आहे.